तीन दिवसांत लेखी खुलासा

“मॅडम, परवा माझ्या नावाचं एक टपाल आलं. आवक रजिस्टरात दिसत न्हाई.”

हिंदुराव मोहिते माझ्या टेबलासमोर उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मी डबा उघडून बसले होते, हातात भेंडीच्या भाजीचा घास होता. तो तोंडात टाकावा की खाली ठेवावा, हे मला कळेना.

“टपाल? बघायला हवं,” मी म्हटलं.

“पोस्टमन म्हणाला, पाकिटाला हळदीकुंकू लावलेलं होतं. म्हणजे पत्रिका असणार.”

ती पत्रिका माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर होती, टेबलाच्या खालच्या खणात. खणाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडच्या बाहेर, कोयनेच्या काठाला आमचं केंद्र होतं. मानसिक आजारातून उठलेली तीसेक माणसं तिथे काही महिने, कुणी वर्ष-दोन वर्षं राहायची, दिवसाची घडी बसवायची आणि घरी जायची. मी तिथे समुपदेशक म्हणून लागून सहा महिने झाले होते. वय चोवीस, पुण्याची कोरी पदवी, आणि सगळ्यांचं भलं कशात आहे ते आपल्याला कळतं अशी पक्की खात्री. लहान मुलांशी बोलावं तसं मी त्या मोठ्या माणसांशी बोलायची. “आज आपण दाढी केली का?” असं मी एकदा हिंदुरावांना लाडाने विचारलं, तर ते म्हणाले, “मी केली. तुमचं तुम्ही बघा.”

मला ते विनोदी वाटले. त्यांना मी ‘काका’ म्हणायची तेही त्यांना आवडत नसे. “मी तुमचा काका न्हाई. मोहिते म्हणा, न्हायतर साहेब म्हणा. स्टँडवर साहेबच म्हणत होते,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हसले होते आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काका सुरू.

हिंदुराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सव्वीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या, माईकवर पुकारल्या, उशिरा आलेल्या चालकांना जाब विचारला. मग मनाचा आजार झाला. त्यात कधी माणूस खाटेवरून उठत नाही, तर कधी त्याला झोपच लागत नाही आणि जग जिंकल्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात त्यांचं असंच झालं. त्यांनी मंडपातला माईक घेतला आणि दोन तास कराड स्टँडच्या गाड्या पुकारल्या. बँड वीस मिनिटं उशिरा धावतोय, असंही जाहीर केलं. वऱ्हाड हसत राहिलं आणि बायको कुसुमताई स्वयंपाकघरात तोंड लपवून बसल्या. आता दीड वर्ष झालं, गोळ्या वेळेवर, झोप वेळेवर, माणूस घड्याळासारखा नीट होता.

आणि आता त्यांच्याच मुलीचं, राजश्रीचं लग्न ठरलं होतं.

ते त्यांना माहीत होतं. तारीख मात्र कुणी सांगितली नव्हती. कारण पंधरा दिवसांपूर्वी कुसुमताईंचे भाऊ प्रतापराव जगताप मला येऊन भेटले होते. गोल टोपी, भारदस्त मिशा, बोलायला मायाळू.

“अवो मॅडम, दाजी वाईट माणूस न्हाई,” ते म्हणाले होते. “पण पाव्हणे इचलकरंजीचे, नवीन. तिथं गाड्या पुकारायला लागले तर पोरीचं कसं व्हायचं? अकरा डिसेंबरला तेवढं त्यांना हितंच ठेवा. सहल काढा, कायतरी काढा. त्यांना कळायला नको.”

कुसुमताई शेजारी बसून पदराचं टोक पिळत होत्या. त्यांचा चेहरा बघून मला कळवळा आला. आणि खरं सांगायचं तर माझी कल्पना मला फार आवडली. मी अकरा डिसेंबरला चाफळची सहल जाहीर केली आणि हिंदुरावांना म्हटलं, “काका, गाडीचं वेळापत्रक तुमच्याशिवाय कोण करणार?” त्यांचा चेहरा असा उजळला! दोन दिवस बसून त्यांनी तक्ता केला. कुठे किती मिनिटं थांबा, चहा कुठे, कुणाला उलटी होते म्हणून पुढची सीट. मी तो भिंतीला लावला आणि स्वतःवर खूश झाले. मग राजश्रीने वडिलांच्या नावाने परस्पर पाठवलेली पत्रिका आली. आमच्याकडे सगळं टपाल आधी ऑफिसात उघडायची पद्धत होती. मी ते उघडलं, तारीख वाचली आणि खणात सरकवलं.

तर असे हिंदुराव समोर उभे. मी घास डब्यात ठेवला, हात धुतले, किल्ली काढली. खोटं बोलायला अजून जागा होती, पण त्यांची नजर आधीच खणावर गेली होती.

त्यांनी पत्रिका उभ्यानेच वाचली. मग भिंतीकडे गेले, सहलीच्या तक्त्यासमोर थांबले. पत्रिका तक्त्याच्या शेजारी धरली. दोन्हीकडे अकरा डिसेंबर.

“हं,” एवढंच म्हणाले आणि गेले.

रात्री मला नीट झोप लागली नाही. त्यांना पुन्हा त्रास सुरू होईल, ते आरडाओरडा करतील, जेवण सोडतील, असं काय काय मनात येत होतं. सकाळी येऊन बघते तर ते बागेत पाणी घालत होते आणि माझ्या टेबलावर एक कागद होता. निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात.

“प्रति, श्रीमती वृषाली देवस्थळी, समुपदेशक. विषय: टपाल रोखून ठेवल्याबाबत व खोट्या फेरीचे नियोजन करून घेतल्याबाबत. आपणांस कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकाराच्या नावे आलेले टपाल आपण उघडून स्वतःच्या ताब्यात ठेवले. तसेच निम्नस्वाक्षरीकाराच्या मुलीचे लग्न ज्या दिवशी आहे त्याच दिवशी सहलीची फेरी लावून तिचे वेळापत्रक निम्नस्वाक्षरीकाराकडूनच करून घेतले. सबब, तीन दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा आपणांस काही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल. हिं. तु. मोहिते.”

मी तो कागद घेऊन तडक इनामदार बाईंकडे गेले. डॉक्टर इनामदार म्हणजे केंद्राच्या प्रमुख. साठीच्या, जाड चष्म्याच्या, टेबलावर कायम भाजलेल्या शेंगांची वाटी. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

“काय करू, बाई?”

“काय म्हणजे? खुलासा लिही. तीन दिवस आहेत.”

“पण हे... म्हणजे ते आपले पेशंट आहेत.”

“म्हणून काय झालं? पेशंटचं पत्र आलं की उत्तर द्यायचं नसतं, असं पुण्यात शिकवतात का?” त्यांनी शेंग फोडली. “आणि हे टपाल उघडायची पद्धत माझी. त्याचा खुलासा मी देईन. तुझं तू बघ.”

मी दोन पानं लिहिली. ‘आपल्या हिताचा विचार करून’, ‘आपल्या मनावर ताण येऊ नये यासाठी’, ‘कुटुंबीयांशी विचारविनिमय करून’. बाईंनी वाचून परत दिली.

“हे कुणाबद्दल आहे?”

“मोहिते काकांबद्दल.”

“तेच. त्यांनी त्यांच्याबद्दल विचारलंय कुठे? त्यांनी तुझ्याबद्दल विचारलंय.”

दुसरा खर्डाही परत आला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिसरा लिहिला आणि तो अर्ध्या पानाचाच झाला. “पत्रिका मी लपवली. सहल मी तुम्हाला लग्नापासून लांब ठेवायला काढली. तुमच्या मेव्हण्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ‘मी जाणार’ म्हणाला असता, आणि मग मला तुमच्याशी बोलावं लागलं असतं, त्याची मला भीती वाटली. वेळापत्रक तुमच्याकडून करून घेतलं याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. याला माझ्याकडे कारण नाही.”

हा मी बाईंना दाखवलाच नाही. सरळ बागेत जाऊन त्यांच्या हातात दिला.

हिंदुरावांनी चष्मा लावून वाचला. 

“निर्णय राखून ठेवतो,” ते म्हणाले. कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. “आधी फेरीचं बघू. कुसुमला आणि प्रतापला बोलवा. बैठक लावा. पण त्या बैठकीला मी असणार.”

“हो, मोहितेसाहेब,” मी म्हटलं. तोंडातून आपसूक आलं.

रविवारी बैठक झाली. तोवर आमच्याकडे घरचे लोक आले की माणसाला बाहेर बसवून त्याच्याबद्दल आत बोलायची रीत होती. या वेळी हिंदुराव टेबलाच्या टोकाला बसले आणि प्रतापरावांना कुठे बघावं ते सुचेना.

“प्रताप, तू चांगल्या मनानं केलंस, मला ठाव हाय,” हिंदुराव म्हणाले. “पर दोन वर्सामागं जे झालं ते माझंच झालं. तवाची लाज तुमच्यापेक्षा मला जास्त हाय. त्यामुळं बंदोबस्त मीच केलाय. ऐका.”

त्यांनी तक्ता उलगडला.

“सकाळची गोळी साडेसातला. नाष्टा आठला. कार्यालयात प्रवेश अकरा चाळीसला, मुहूर्त बारा पंचवीसचा. बँडच्या बाजूला थांबणार न्हाई. माईकला हात लावणार न्हाई. आदल्या रात्री झोप लागली न्हाई तर मी स्वतः सकाळी सहाला इनामदार बाईंना फोन करीन, आणि त्या नको म्हणाल्या तर मुहूर्ताला फकस्त अक्षता टाकून परत येईन. बोलणं वाढायला लागलं असं कुसुमला वाटलं, तर तिनं जवळ येऊन ‘पाणी हवं का’ असं विचारायचं. मी दोन मिनिटांत मागच्या खोलीत जाईन. वाद घालणार न्हाई. मागच्या दाराला रिक्षा उभी असंल.”

“आणि नाही गेलात तर, दाजी?” प्रतापरावांनी हळूच विचारलं.

“तर तू मला दंडाला धरून न्यायचं. ही माझी लेखी परवानगी. खाली सही केलीय. मी बरा असताना केलीय, म्हणून तीच खरी धरायची. त्या वेळी मी काय बोलतो ते न्हाई.”

कुसुमताईंनी तक्ता पुढे ओढला, बोट ठेवून ठेवून सगळा वाचला आणि डोळ्याला पदर लावला.

“पाणी हवं का, एवढंच विचारायचं होय?” त्या म्हणाल्या. “ते तर मी रोज विचारत होते.”

“मग तुला सवय हाय,” हिंदुराव म्हणाले, आणि त्या रडता रडता हसल्या.

“कन्यादानाला कोण बसणार?” प्रतापरावांनी विचारलं. त्यांनी आपल्यासाठी सोवळं आणून ठेवलं होतं, असं मला नंतर कळलं.

“ते राजश्रीला विचारा. तिचं लगीन हाय.”

तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून राजश्री एवढ्या मोठ्याने बोलली की रिसीव्हर कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू आलं. “म्हणजे? बाबा येणार नव्हते? मामा, हे कुणी ठरवलं?” प्रतापरावांनी रिसीव्हर कुसुमताईंच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी सहल रद्द करायला निघाले तर हिंदुरावांनी अडवलं. “बाकीच्या प्रवाशांचा काय गुन्हा? फेरी सुटली पायजे.” सहल त्यांच्याच वेळापत्रकाने इनामदार बाई नेणार असं ठरलं. मला त्यांनी वेगळी पत्रिका दिली, हळदीकुंकू लावून. “एक अट हाय. तिथं मी ओळख दिली तर तुम्ही द्यायची. न्हाई दिली तर तुम्ही वऱ्हाडातल्या.”

“मान्य,” मी म्हटलं.

अकरा तारखेला मी ठेवणीतली साडी नेसून कार्यालयाच्या कोपऱ्यात उभी राहिले. हिंदुराव फेटा बांधून बरोबर अकरा चाळीसला आले. माझ्या बाजूने गेले आणि बघितलंही नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण कुणाच्या आयुष्यात कितीही महत्त्वाचे असलो तरी तिथे आपल्याला खुर्ची मिळेलच असं नाही, हे मला त्या दिवशी बुंदीच्या लाडवाबरोबर गिळावं लागलं. कन्यादानाला ते आणि कुसुमताई बसले. हिंदुरावांची नजर एकदाही माईककडे गेली नाही. मागच्या रांगेत प्रतापरावांची मात्र पूर्ण वेळ तिकडेच होती.

जेवणानंतर ते अचानक माझ्यासमोर आले, बरोबर इचलकरंजीचे व्याही.

“या देवस्थळी मॅडम,” हिंदुराव म्हणाले. “मला मनाचा आजार झाला होता, तुम्हाला मी मघाशी बोललो न्हवं? त्यासाठी मी जिथं राहतो, तिथं या शिकायला हाईत.”

व्याह्यांनी नमस्कार केला. “काय शिकलात मग?” त्यांनी सहज विचारलं.

“टपाल वेळेवर द्यायला,” मी म्हटलं. हिंदुरावांनी मिशीतल्या मिशीत हसून पुढच्या पाहुण्याला हाक मारली.

पाठवणीची वेळ झाली. कार्यालयाच्या दारात फुलांनी सजवलेली गाडी, आयाबाया डोळे पुसतायत. राजश्री गाडीत बसता बसता थांबली.

“बाबा, माझी गाडी तुम्ही सोडा.”

दोन वर्षांपूर्वीचा मांडव तिथल्या निम्म्या लोकांना आठवत होता. बँडवाल्याने आपला माईक पुढे केला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! प्रतापराव घाईघाईने माझ्याकडे आले.

“मॅडम, बघा की जरा. काय करायचं?”

माझ्याही पायांना सवयीने पुढे जायची घाई झाली होती. मी ते घट्ट रोवले.

“मी पाहुणी आहे, प्रतापराव,” मी म्हटलं आणि हातातला मठ्ठा प्यायला लागले. पेला दोन्ही हातांनी धरला.

हिंदुरावांनी माईक बाजूला सारला. “माईक न्हाई. लिहून दिलंय.” मग राजश्रीकडे बघून म्हणाले, “पर स्टँडवरचा माईक बंद पडला म्हणून गाड्या थांबत नव्हत्या.”

त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले. आवाज असा निघाला की रस्त्यापलीकडच्या पानवाल्याने मान वर केली.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कराड-इचलकरंजी ही गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे. गाडी वेळेवर आहे. चालकाने सावकाश न्यावी, आत आमची राजश्री आहे. परतीची फेरी रोज आहे. आरक्षणाची गरज नाही.”

आणि थांबले. एवढंच. गाडी निघाली, मागे हात हलवणारी राजश्री रडतेय की हसतेय ते कळत नव्हतं. हिंदुराव जिथे होते तिथेच उभे, हात अजून अर्धवट वर. कुसुमताई त्यांच्याजवळ गेल्या.

“पाणी हवं का?”

मी मठ्ठा खाली ठेवला. हिंदुराव वाद न घालता वळले आणि मागच्या खोलीकडे चालू लागले, अगदी लिहून दिलं होतं तसं.

“अवो, कुठं निघालात?” कुसुमताईंनी त्यांचा हात धरला. “खूण न्हाई ती. ओरडून घसा बसला तुमचा, म्हणून विचारलं.”

त्यांनी तांब्या पुढे केला. हिंदुराव पाणी प्यायले, सगळा तांब्या संपवला, आणि फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसण्याच्या निमित्ताने डोळेही पुसले. मीही पुसले. प्रतापराव तर उघडच रडत होते.

सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले. माझा खुलासा त्यांनी परत आणला होता. खाली लाल शाईत लिहिलं होतं: “खुलासा वाचला. समाधानकारक नाही. तथापि खरा आहे. पहिलाच प्रसंग असल्याने समज देऊन प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.”

तो कागद अजून माझ्या खणात आहे. टेबलं चार बदलली, गावं दोन बदलली. माझ्याकडे येणाऱ्या माणसाबद्दल मी जे काही लिहिते ते आधी त्याला वाचायला देते, आणि काही जण खुशाल दुरुस्त्या करतात. नव्याने रुजू झालेली मुलं विचारतात, ही पद्धत कुठून आली. मी त्यांना एसटीतून आली असं सांगते आणि ती हसतात.

त्या सोमवारी हिंदुराव मात्र हसत नव्हते. त्यांनी खिशातलं निळं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

“समज मिळाली म्हणून सही करा, मॅडम.”

मी सही केली.

“तारीख?”

मी तारीख घातली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“वेळ पण घाला. अकरा बावन्न.”